लाल ओळ वर आली म्हणून कारण सापडत नाही: स्विचचे इव्हेंट लॉग वाचायचे कसे

ऑफिसातलं नेट अडकलं की ज्याच्याकडे स्विचचा, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचा, पासवर्ड असतो तो माणूस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर उघडतो, 'इव्हेंट्स' टॅबवर जातो आणि समोरच्या हजारो ओळी बघून पहिली गोष्ट करतो ती म्हणजे 'सीव्हिअरिटी' (तीव्रता) कॉलमच्या डोक्यावर क्लिक. लाल ओळी वर येतात, पिवळ्या-करड्या खाली जातात. सगळ्यात वरची लाल ओळ म्हणते, 'डिव्हाइस अनरीचेबल'. म्हणजे स्विचशी संपर्क होत नाही. एवढं तर फोन करणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडमनीही सांगितलं होतं.

लाल ओळ बहुतेक वेळा परिणाम सांगते. कारण तिच्या चार-पाच मिनिटं आधीच्या एखाद्या पिवळ्या किंवा करड्या ओळीत असतं, आणि तीव्रतेनुसार सॉर्ट केलं की नेमकी तीच ओळ कित्येक पानं खाली जाते. सॉर्टचं बटण निरुपद्रवी वाटतं, कारण त्याने काही पुसलं जात नाही. पण ओळींचा शेजार मोडतो, आणि लॉगमधल्या ओळीला अर्थ येतो तो शेजारच्या ओळींमुळेच.

एका यादीत तीन घरच्या ओळी

या यादीत तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या ओळी एकत्र कालवलेल्या असतात. पहिली वाट सिसलॉगची. केबल निघाली, कुणी लॉगिन केलं, पंखा बंद पडला, असं काही घडलं की स्विच एक ओळ लिहितो. ती स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि सांगून ठेवलं असेल तर ओळी गोळा करणाऱ्या सर्व्हरकडेही पाठवतो, बहुधा यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीने, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर (हा पोर्ट म्हणजे सॉफ्टवेअरमधलं दार, केबल खोचायची जागा नव्हे). ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात 'सेंडमेल' या ईमेल प्रोग्रामसाठी काढली. पुढे ती युनिक्सवाल्यांनी आपलीशी केली, राउटर-स्विच बनवणाऱ्यांनीही उचलली. तिचं वर्णन आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या पद्धतींवरच्या दस्तऐवजाच्या रूपाने कागदावर आलं ते थेट २००१ साली. तोवर जो तो आपापल्या पद्धतीने ओळी लिहीत होता, आणि त्याचे भोग वेळेच्या कॉलममध्ये आपण आजही भोगतो.

दुसरी वाट एसएनएमपी या नेटवर्कवर लक्ष ठेवायच्या पद्धतीतल्या ट्रॅपची. हे स्विचने १६२ क्रमांकाच्या पोर्टवर धाडलेले छोटे निरोप: लिंक (केबलवरची जोडणी) गेली, लिंक आली, मी नव्याने सुरू झालो, कुणीतरी चुकीची ओळख सांगून माहिती मागतंय. ट्रॅपमध्ये घड्याळाची वेळ नसते. स्विच सुरू होऊन किती काळ लोटला तेवढंच असतं, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागांत. हा मोजणारा आकडा ३२ बिटांचा असल्यामुळे साधारण ४९७ दिवसांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तेव्हा यादीत ट्रॅपसमोर जी वेळ दिसते ती तो सर्व्हरवर पोचल्याची.

तिसरी वाट खुद्द सॉफ्टवेअरची. ते ठरावीक मिनिटांनी प्रत्येक स्विचची विचारपूस करतं. लागोपाठ दोन-तीन वेळा उत्तर आलं नाही की स्वतःच एक ओळ लिहून मोकळं होतं. 'अनरीचेबल'ची लाल ओळ इथली. ती स्विचने लिहिलेलीच नसते, आणि तिच्यावरची वेळ घटनेची नसून सॉफ्टवेअरच्या लक्षात आल्याची असते. दर पाच मिनिटांनी विचारपूस होत असेल तर ही ओळ पाच-दहा मिनिटं उशिरा येणं अगदी साहजिक. म्हणून कुठलाही कॉलम सॉर्ट करण्याआधी 'सोर्स' किंवा 'टाइप' या कॉलमकडे नजर टाकावी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो असतो आणि बहुतेकांनी तो जागा वाचवायला लपवून ठेवलेला असतो.

एक ओळ उघडून बघू

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर पोर्टची केबल निघाली की जी ओळ उमटते ती पडद्यावर अर्थातच रोमन लिपीत असते. आपल्या अक्षरांत लिहिली तर अशी:

*मार्च १ ००:०४:१२: %लिंक-३-अपडाउन: इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१७, चेंज्ड स्टेट टू डाउन

सुरुवातीच्या चांदणीकडे नंतर येऊ. टक्क्याच्या खुणेनंतरचा 'लिंक' म्हणजे स्विचच्या कुठल्या भागाने ही ओळ लिहिली ते. मधला ३ म्हणजे तीव्रता. 'अपडाउन' हे त्या प्रकारच्या घटनेचं ठरलेलं टोपणनाव. त्यापुढे माणसाने वाचायचा मजकूर. शोधायचं असेल तर या टोपणनावाने शोधावं, मजकुराने नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की मजकुरातला एखादा शब्द बदलू शकतो. टोपणनाव सहसा टिकून राहतं.

हीच ओळ सर्व्हरकडे जाते तेव्हा तिच्या आधी टोकदार कंसात एक आकडा चिकटतो, इथे <१८७>. तो गूढ वाटला तरी हिशोब चौथीतला आहे. आठने भाग द्यायचा: भागाकार २३, बाकी ३. बाकी म्हणजे तीव्रता. २३ म्हणजे 'लोकल ७' नावाचा कप्पा, जो सिस्कोचे स्विच आपणहून वापरतात. वायरशार्क या नेटवर्कवरचे निरोप पकडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये किंवा एखाद्या अर्धवट सर्व्हरवर नुसता आकडा दिसला तर एवढ्या भागाकारावर काम भागतं. <१८९> दिसला तर कप्पा तोच, तीव्रता ५.

तीव्रतेचे दर्जे ० ते ७: इमर्जन्सी, अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिस, इन्फर्मेशनल आणि डीबग. आकडा लहान तितकं संकट मोठं. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. स्विचवर 'पातळी ४' सांगितली तर ० ते ४ सगळं जातं. मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या फिल्टरमध्ये मात्र '४' निवडलं की काही ठिकाणी फक्त ४ दिसतं, काही ठिकाणी ४ आणि त्याहून गंभीर. एकदा ओळखीची ओळ घेऊन तपासून ठेवावं.

आता या दर्जांचा खरा घोळ. केबल निघाली ही सिस्कोच्या लेखी ३ नंबरची, म्हणजे एरर. ठीक आहे. पण केबल परत लागली, लिंक 'अप' झाली, ही आनंदाची बातमीही त्याच टोपणनावाने येते आणि तीही ३ नंबरचीच. सकाळी साडेनऊला ऑफिस उघडून पन्नास कॉम्प्युटर सुरू झाले की पन्नास एरर. उलट अख्खा स्विच नव्याने सुरू झाला, तर 'सिस-५-रीस्टार्ट', म्हणजे नुसती नोटिस. कुणीतरी आत शिरून कॉन्फिगरेशन बदललं, तर 'सिस-५-कॉन्फिग_आय', तीही नोटिस. नेटवर्क बिघडण्याच्या कारणांत 'कुणीतरी काहीतरी बदललं' हे कारण किती वरचं आहे ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. आणि तीच ओळ तीव्रतेच्या यादीत पाचव्या मजल्याखाली!

दोन कंपन्यांचे स्विच एकत्र असतील तर आणखी मजा. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर दर्जा आकड्याने नाही, अक्षराने लिहितात: माहितीला एक अक्षर, वॉर्निंगला एक, मोठ्या बिघाडाला एक. तिथे 'पोर्ट ५ इज नाऊ ऑफ-लाइन' ही ओळ माहिती या दर्जाची. म्हणजे तीच केबल, तोच झटका, पण सिस्कोवर एरर आणि प्रोकर्व्हवर नुसती माहिती. अशा मिश्र यादीला तीव्रतेने सॉर्ट केलं तर वर येतं ते गंभीर संकट नव्हे, जास्त बोंब मारणाऱ्या कंपनीचा स्विच.

तीव्रतेचा सॉर्ट अगदीच टाकाऊ आहे असं नाही. सकाळी आल्या आल्या काल रात्रीत कुठे पंखा, पॉवर सप्लाय किंवा तापमान याची तक्रार आली का, हे बघायला तो उत्तम. एखाद्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (तिथे दुसरा स्विच किंवा लूप आढळला की पोर्ट बंद करणारी राखण) लावलेला असेल आणि त्याने लूपमुळे, म्हणजे केबलची वाट फिरून तिथेच परत आल्यामुळे, पोर्ट बंद केला, तर ती ओळ दुसऱ्या दर्जाची येते आणि सॉर्ट केल्यावर बरोबर वर दिसते. काही बिघडलंय का, या प्रश्नाला तो चालतो. का बिघडलं, हे विचारायचं असेल तर वेळेच्या कॉलमकडे जावं लागतं.

आणि वेळेचा कॉलम खोटं बोलतो

वर चांदणीचं राहिलं होतं. सिस्कोच्या ओळीत तारखेआधी चांदणी असेल तर स्विच सांगतोय, 'माझ्या घड्याळावर विश्वास ठेवू नका, ते कुणी लावलेलंच नाही.' चांदणीऐवजी टिंब असेल तर वेळ एकदा लावलेली होती, पण वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरशी आता जुळणी तुटली आहे. काहीच खूण नसेल तर वेळ जुळलेली.

अनेक स्विचमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की घड्याळ विसरतो आणि पुन्हा सुरू होताना ठरावीक तारखेपासून मोजायला लागतो. कॅटॅलिस्टची ती तारीख १ मार्च १९९३, प्रोकर्व्हची १ जानेवारी १९९०. यादीत मध्येच १ मार्चच्या ओळी दिसल्या तर तो स्विच नुकताच बंद होऊन सुरू झालाय आणि त्याला वेळ मिळालेली नाही. शिवाय जुन्या सिसलॉग पद्धतीत तारखेबरोबर वर्ष लिहिलेलंच नसतं. मग सर्व्हर आपल्या मनाने चालू वर्ष जोडतो आणि आजची ओळ यंदाच्या १ मार्चला जाऊन बसते. नव्या ओळी वर ठेवून बघणाऱ्याला ती दिसतच नाही. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या ओळी १ जानेवारीला वाचताना होणारा गोंधळ याच पोटातला.

टाइमझोनही त्यात नसतो. निम्मे स्विच भारतीय वेळेवर आणि निम्मे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, ही आपल्याकडची सर्रास स्थिती. सकाळी ११ वाजता पडलेली लिंक एका स्विचच्या ओळीत ११:०० आणि पलीकडच्या टोकाच्या स्विचच्या ओळीत ०५:३०. दोन्ही टोकांच्या ओळी एकाखाली एक यायला हव्यात, त्या शेकडो ओळींच्या अंतरावर पडतात. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर दुसरं काही शोधत बसू नये. काही जुन्या स्विचवर तर तारीखच नसते. '२डब्ल्यू३डी' असं काहीतरी दिसतं, म्हणजे सुरू होऊन दोन आठवडे तीन दिवस झाले.

२००९ साली आलेल्या आरएफसी ५४२४ने हे सगळं निस्तरलं: वर्ष, महिना, दिवस, वेळ अशा मोठ्याकडून लहानाकडे जाणाऱ्या क्रमाने तारीख आणि सोबत यूटीसीपासूनचा फरक. स्विचमध्ये ही पद्धत निवडायची सोय असेल तर निवडावी. नसेल तर यादीत दोन वेळांचे कॉलम आहेत का बघावं: एक स्विचने लिहिलेली वेळ, एक सर्व्हरवर पोचल्याची. शंका असली की पोचल्याच्या वेळेने सॉर्ट करावं. ती सगळी एकाच घड्याळाची असते.

तिलाही एक मर्यादा आहे, आणि ती शाखा असलेल्या संस्थांना रोज भेटते. शाखेची मुख्य लाइन तुटली. तुटल्याची बातमी त्याच लाइनवरून कशी जाणार? यूडीपीत पोच घ्यायची पद्धत नाही, त्यामुळे ती ओळ उशिरा येत नाही, ती येतच नाही. मुख्य कार्यालयाच्या यादीत त्या शाखेच्या स्विचची नुसती 'अप' ओळ दिसते, आधीची 'डाउन' गायब. अशा वेळी शाखेच्या स्विचवर लॉगिन करून त्याच्या पोटातला लॉग वाचण्याला पर्याय नाही.

तोही लवकर वाचावा लागतो. कॅटॅलिस्टवर ही जागा मुळात ४,०९६ बाइट ठेवलेली असते, म्हणजे मोठ्या ओळी असतील तर जेमतेम तीस-पस्तीस. पाटी भरली की वरचं पुसून खाली लिहायचं, असा तो कारभार, आणि वीज गेली की पाटी कोरी. ही जागा वाढवता येते आणि वाढवावीच. घाईघाईत 'स्विच एकदा बंद-चालू करून बघा' असं फोनवर सांगणारा माणूस पुरावा पुसायलाच सांगत असतो.

एक प्रसंग, ओळीओळीने

समजा, एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय आहे. पहिल्या मजल्यावर २४ पोर्टचा कॅटॅलिस्ट, त्याच्या २४व्या पोर्टवरून खालच्या मोठ्या स्विचला जोडणी. स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप रोखणारी स्विचमधली सोय, कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेली, का ते कुणालाच ठाऊक नाही. पावणेअकराच्या सुमाराला फोन सुरू होतात: 'सर, सीबीएस (खात्यांचं मुख्य सॉफ्टवेअर) उघडत नाहीये.' 'अहो, आमचं प्रिंटिंगपण अडकलंय.'

तीव्रतेने सॉर्ट केलेल्या यादीत सगळ्यात वर १०:४६:३०ची ओळ: पहिल्या मजल्याचा स्विच अनरीचेबल. तिच्याखाली प्रिंट सर्व्हर अनरीचेबल. या दोन ओळींवरून माणूस स्विचच जळाला असं धरून चालतो आणि नवा स्विच मागवायला निघतो.

त्याऐवजी आधी तीव्रतेचा सॉर्ट काढायचा. डिव्हाइसच्या फिल्टरमध्ये पहिल्या मजल्याचा आणि त्याला जोडलेला खालचा, असे दोन स्विच ठेवायचे. एकटा कधीच ठेवू नये, कारण लिंकला दोन टोकं असतात. वेळेची चौकट १०:३० ते १०:५०. आणि क्रम चढता, जुनं वर. सॉफ्टवेअर आपणहून नवं वर दाखवतं. रोजच्या नजरेला ते सोयीचं, पण काय झालं ते वाचायचं तर गोष्ट पहिल्यापासून वाचावी.

आता दिसतं ते असं. १०:४१:०७ ला पोर्ट १७ची लिंक अप, दर्जा ३. एका सेकंदाने त्याच पोर्टचा प्रोटोकॉल अप, दर्जा ५. १०:४१:१९ ला 'मॅकफ्लॅप', दर्जा ४: व्हीलॅन १० (स्विचवरचा एक वेगळा गट) मधला अमुक मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) पोर्ट १७ आणि पोर्ट २४ यांच्यात उड्या मारतोय. लगेच दुसऱ्या मॅकची तशीच ओळ. मग तिसऱ्या, चौथ्या, अशी रांग लागते. शेवटची ओळ १०:४२:०३ ची. त्यानंतर १०:४६:३० पर्यंत एकही नाही.

एकच कॉम्प्युटर एकाच वेळी दोन पोर्टांवर असू शकत नाही. तो तसा दिसतोय याचा अर्थ २४व्या पोर्टातून आलेले त्याचे पॅकेट (डेटाचे तुकडे) १७व्या पोर्टातून बाहेर पडून फिरून परत येत आहेत. लूप. आणि १०:४२ नंतरची शांतता? स्विचने ओळी पाठवल्या असतील, पण फिरणाऱ्या पॅकेटच्या वादळात त्याही वाहून गेल्या. या शांततेचाही पुरावा मिळू शकतो. सिस्कोच्या स्विचवर प्रत्येक ओळीला अनुक्रमांक देण्याची सोय आहे. ती चालू असेल तर सर्व्हरवर १२४३ नंतर थेट १३९० दिसतो आणि मधलं काय गेलं ते कळतं. एकाच स्विचच्या ओळी लावायला हा अनुक्रमांक वेळेपेक्षाही भरवशाचा, कारण घड्याळ मागेपुढे झालं तरी तो पुढेच जातो.

१७व्या पोर्टच्या वर्णनात 'मीटिंग रूम' असं लिहिलेलं असतं. तिथल्या टेबलावर पाच पोर्टचा साधा छोटा स्विच, नुसता डबा. मीटिंगसाठी १०:४१ ला कुणीतरी त्याचा प्लग लावला. त्याआधी कधीतरी त्या डब्यातून लोंबकळणारी वायर बरी दिसेना म्हणून तिचं मोकळं टोकही कुणीतरी त्याच डब्यात खोचून ठेवलेलं. वायर काढली की दोन मिनिटांत सीबीएस उघडतं. नवा स्विच मागवायची गरज नाही. स्पॅनिंग ट्री पुन्हा चालू करायची आणि भिंतीतल्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड लावायची मात्र नक्की आहे.

ही गोष्ट सांगणाऱ्या तीन प्रकारच्या ओळींचे दर्जे बघा: ३, ५ आणि ४. त्यातली ३ नंबरची तर 'अप'वाली, म्हणजे चांगल्या बातमीसारखी दिसणारी, रोजच्या ढिगातली एक.

क्लिक केल्यावर आत काय होतं

कॉलमवर क्लिक केलं की सॉफ्टवेअर आकडे म्हणून लावतंय की अक्षरं म्हणून, हे एकदा तपासा. अक्षरं म्हणून लावलं तर पोर्टचा क्रम १, १०, ११, १२, २, २० असा येतो. आयपी ॲड्रेसचंही तेच, शेवटचा आकडा १० असलेला २ च्या आधी. तीव्रतेची नावं रोमन वर्णानुक्रमाने लागली तर अलर्ट, क्रिटिकल, डीबग आणि मग इमर्जन्सी. म्हणजे सगळ्यात फालतू दर्जा सगळ्यात भयंकर दर्जाच्या डोक्यावर. विकतच्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहसा होत नाही. कुणी घरी बनवलेल्या डॅशबोर्डवर बरेचदा होतं.

दुसरं, सॉर्ट सगळ्या ओळींवर होतोय की पडद्यावरच्या पानावरच? काही वेब इंटरफेस समोरच्या पन्नास ओळीच हलवतात आणि बाकीच्या तशाच ठेवतात. पहिल्या पानावर वर आलेली वेळ दुसऱ्या पानावरच्या वेळांशी जुळते का, एवढं बघितलं की कळतं.

तिसरं, एकसारख्या ओळी एकत्र करून '२३० वेळा' असं दाखवण्याची सोय. यादी आटोपशीर होते, पण त्या ओळीपुढे बहुधा शेवटच्या वेळची वेळ असते. १०:४१ ला सुरू झालेला प्रकार ११:०५ चा म्हणून बसतो आणि कारण परिणामाच्या नंतर आल्यासारखं दिसतं. 'पहिल्यांदा कधी' असा कॉलम असेल तर तो उघडा आणि त्याने लावा. नसेल तर तपासापुरतं हे एकत्र करणं बंद ठेवा.

पोर्टनुसार सॉर्ट करायचा एकच प्रसंग मला खरा उपयोगाचा वाटतो: एखादी जुनाट तक्रार. 'आमचं नेट अधूनमधून जातं' म्हणणाऱ्याचा पोर्ट आठवडाभरात किती वेळा पडला-उठला हे बघायचं असतं तेव्हा. आधी वेळेने लावावं, मग पोर्टने. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पोर्टच्या आतला वेळेचा क्रम टिकून राहतो. पडण्याचं अंतर ठरावीक असेल तर बहुधा पलीकडचं यंत्र झोपी जात असतं. वाटेल तेव्हा पडत असेल तर केबल किंवा तिचा आरजे-४५ कनेक्टर.

लॉगिनच्या ओळींना वेगळी नजर लागते. चुकलेलं लॉगिन सिस्कोवर दर्जा ४ चं, यशस्वी झालेलं दर्जा ५ चं. रात्री दोन वाजता एकाच पत्त्यावरून वीस वेळा चुकलेलं आणि एकविसाव्या वेळी जमलेलं, यातली घाबरायची ओळ एकविसावी. वॉर्निंगपर्यंतचाच फिल्टर लावून बसलेल्याला ती दिसणार नाही. यशस्वी लॉगिनची नोंद बऱ्याच स्विचवर मुद्दाम चालू करावी लागते, हे आणखी एक.

भारतात लॉग ठेवणं आता केवळ मर्जीचा मामला राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवणारे आणि सरकारी कार्यालयं यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग सतत १८० दिवसांचे हाताशी ठेवायचे आहेत. त्यात सांगितलेल्या प्रकारच्या सायबर घटनांची खबर लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यायची आहे. घड्याळंही एनआयसीच्या (सरकारच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. ४,०९६ बाइटच्या पाटीवर १८० दिवस मावणार नाहीत, म्हणजे वेगळा सिसलॉग सर्व्हर आलाच. रिकाम्या पडलेल्या एखाद्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि आरसिसलॉग हा ओळी गोळा करणारा प्रोग्राम टाकला तरी छोट्या ऑफिसचं भागतं.

शेवटी एक्सेल, कारण साहेबांना रिपोर्ट त्यातच लागतो. सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) काढून थेट डबल क्लिकने उघडली की दोन अपघात होतात. सॉफ्टवेअरने तारीख महिना-दिवस अशा अमेरिकी क्रमाने लिहिली असेल आणि कॉम्प्युटर आपल्या दिवस-महिना क्रमावर असेल, तर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलट्या समजल्या जातात आणि १३ पासूनच्या तारखा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. सॉर्ट केल्यावर यादीचे दोन तुकडे होतात. तारखांच्या कॉलममध्ये काही नोंदी उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या तर हेच झालंय. दुसरा अपघात पोर्टच्या कॉलममध्ये: '१/५' हा पोर्ट एक्सेलला १ मे वाटतो, '१/१२' हा १ डिसेंबर. फाइल डबल क्लिकने न उघडता डेटा मेनूतून आत घ्यावी आणि तारीख व पोर्ट हे दोन्ही कॉलम 'टेक्स्ट' म्हणून सांगावेत. तारीख वर्षापासून सुरू होणाऱ्या क्रमाने बाहेर काढलेली असेल तर ती मजकूर म्हणूनही बरोबर लागते.